दोन साक्षी

विद्यार्थी मित्रहो, मी कला शाखेची पदवीधर. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. आकाशातील ताऱ्यांविषयी ह्या अंकात लेख लिहिण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला तर तो योग्यच आहे. अधिकार काहीच नाही. मात्र गतवर्षी माझ्या हातून वर्गात एक चूक झाली. ती निस्तरता निस्तरता मी सतरा हजार प्रकाशवर्षे दूर जाऊन पोहोचले आणि तेथून परत येताना माझी आणखी एक चूक मला सापडली. त्या दोन चुकांची ही हकीकत आहे.

ऑगस्ट महिन्याची १८ तारीख होती. विज्ञान शिकविणारे गुरुजी रजेवर असल्यामुळे नववीचा मोकळा तास माझ्याकडे आला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि कौलांवरील आवाजामुळे मुलांना वाचून दाखविणे शक्य नव्हते. तेव्हा मी गोष्ट सांगावयाचे ठरविले. मी म्हटले, “मुलांनो, १८६८ साली आजच्याच दिवशी खग्रास सूर्यग्रहण झाले. आपल्या कोकणातील विजयदुर्ग किल्ल्यावर नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने दुर्बीण रोखली आणि सूर्यावर एक नवे मूलद्रव्य शोधून काढले. तेच हेलियम!” इतिहासाच्या शिक्षिकेला शोभेल अशा थाटात मी तट, समुद्र, काळवंडलेले आकाश, सारे उभे केले. मुले खूष झाली. ज्या किल्ल्याचे नाव आपण मराठ्यांच्या आरमारासाठी घेतो, त्याच किल्ल्यावर विज्ञानाचाही झेंडा लागला, ह्याचा मलाही अभिमान वाटत होता.

तास संपताना मी मुलांना गोष्टीचा सारांश लिहावयास सांगितला. संध्याकाळी वह्या तपासताना एका वहीवर माझा हात थांबला. वही शेवटच्या बाकावरील मुलीची होती. जोयड्याकडच्या रानातील वस्तीवरून ती आमच्याकडे शिकावयास आली होती आणि मामाच्या घरी राहत होती. शाळा सुरू झाल्यापासून तिने वर्गात तोंड उघडलेले मी ऐकले नव्हते. पहिल्या चाचणीनंतर तिच्या प्रगतिपुस्तकात मी शेराही लिहून टाकला होता : ‘वर्गात लक्ष नसते.’ तिने सारांश चार ओळींत उरकला होता आणि खाली लिहिले होते : ‘बाई, हेलियमला रंग नाही, वास नाही. तो सूर्यावर आहे हे कळले. पण किती आहे हे कसे मोजतात?’

मला उत्तर येत नव्हते. ‘विज्ञानाच्या गुरुजींना विचार’ असे लिहून मी मोकळी झाले असते. परंतु गोष्ट मी सांगितली होती, तेव्हा प्रश्नही माझाच होता. मी वाचू लागले.

प्रथम सापडली ती माझी चूक. १८ ऑगस्ट १८६८ ह्या दिवशी लॉकियर विजयदुर्गावर नव्हते. ते भारतातच नव्हते, इंग्लंडमध्ये होते. ते आपल्या देशात आले तीन वर्षांनी, डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी, आणि उतरले ते केरळातील बेकल किल्ल्याकडे. १८६८ च्या ग्रहणाची छाया मात्र विजयदुर्गाच्या किनाऱ्यावरून आत शिरून जमखंडी-विजापूर करीत पूर्वेस गुंटूर-मछलीपट्टणकडे गेली, हे खरे. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होते. ग्रहणात सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांच्या प्रकाशात त्यांना इतक्या तेजस्वी रेषा दिसल्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसल्या पाहिजेत, असे त्यांना वाटले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या खरोखरच पाहिल्या. लॉकियर ह्यांनी हीच गोष्ट इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे २० ऑक्टोबर १८६८ रोजी साधली. तेथे दिसलेली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि पृथ्वीवर अज्ञात अशा ह्या द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव मिळाले. ते पृथ्वीवर सापडावयास १८९५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रॅम्झी ह्यांना ते युरेनियमच्या एका खनिजातून निघणाऱ्या वायूत आढळले.

ह्या वाचनात मला सर्वांत जवळचा वाटला तो जमखंडीचा प्रसंग. पटवर्धनांच्या त्या संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण घेऊन उभे होते. ढगांनी त्यांना छळले. तरी मिळालेल्या थोड्या क्षणांत त्यांना लाल, नारिंगी व निळी अशा तीन रेषा दिसल्या. त्यांतील नारिंगी रेषा त्यांनी सोडियमची मानली. म्हणजे हेलियम त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता आणि त्यांनी त्याला दुसऱ्याच्या नावाने हाक मारली! ह्यात त्यांचा दोष नाही. जे नाव आपल्याला ठाऊक असते तेच आपण पुढे करतो. पाहणे निराळे आणि ओळखणे निराळे.

पुढच्या आठवड्यात मी नववीच्या वर्गात उभी राहिले आणि म्हणाले, “मी तुम्हांला जे सांगितले त्यातील एक भाग खोटा होता.” हे वाक्य उच्चारताना माझ्या घशाला कोरड पडली, हे कबूल करते. एका मुलाने विचारले, “मग विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा करतात तो कशाला?” मी म्हटले, “छाया तेथूनच गेली, तेव्हा दिवस साजरा करावयास हरकत नाही. पण जे घडले नाही ते घडले म्हणून सांगावयास हरकत आहे.” शेवटच्या बाकाकडे पाहून मी आणखी सांगितले, “आणि एक प्रश्न माझ्याकडे उधार आहे. तो मी फेडीन.” ती मुलगी खाली मान घालून बसली होती.

तो प्रश्न फेडावयास मला वर्ष लागले. ‘किती’ हे ‘आहे’पेक्षा फारच अवघड निघाले.

प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशात आपल्या ठराविक रेषा उमटवते आणि त्या रेषांवरून ताऱ्यातील द्रव्ये ओळखतात, हे तुम्ही शिकलाच आहात. मग हेलियमच्या रेषा मोजल्या की झाले! परंतु हेलियमचा स्वभाव विलक्षण आहे. त्याच्या अणूला हलवावयास फार मोठी शक्ती लागते. अतिशय तप्त ताऱ्यांत तो बोलतो. सूर्याच्या पृष्ठभागावर मात्र मौन धरतो. सूर्याच्या कडेबाहेरील विरळ, तप्त थरातच त्याची पिवळी रेषा उजळते, म्हणून तर ती ग्रहणाच्या निमित्ताने दिसली. आणि जे तारे म्हातारे होऊन फुगले आहेत, ज्यांना तांबडे राक्षसी तारे म्हणतात, त्यांचे पृष्ठ तर सूर्याहूनही थंड असते. तेथे हेलियमचा शब्दही ऐकू येत नाही. तारा हेलियमने भरलेला असला तरी त्याच्या वर्णपटात हेलियमची साधी ओळही नसते.

नेमक्या ह्याच म्हाताऱ्या ताऱ्यांत हेलियम किती आहे हे कळणे एका कोड्यासाठी आवश्यक होऊन बसले होते. ते कोडे ओमेगा सेंटॉरी ह्या तारकागुच्छाचे.

ह्या गुच्छाची आणि माझी प्रत्यक्ष भेट उळवीत झाली. उळवी माझे गाव. जोयडा तालुक्याच्या दाट रानात, बाराव्या शतकातील शरण चन्नबसवण्णांच्या समाधीमुळे सर्व कर्नाटकात प्रसिद्ध. माघात जत्रा भरते तेव्हा धारवाड-बेळगावकडील शेतकरी बैलगाड्या जुंपून येतात आणि रानाच्या वाटा घुंगरांनी भरून जातात. एरवी गाव शांत. सभोवती काळीच्या खोऱ्यातील व्याघ्र-अभयारण्य, आणि रात्री असा अंधार की, शहरातील माणसाने तो जन्मात पाहिला नसेल. घरात आम्ही कोंकणी बोलतो, देवळात कन्नड ऐकतो आणि पत्र मराठीत लिहितो. ह्यात आम्हांला कधी काही विशेष वाटले नाही.

एप्रिलच्या सुट्टीत, चैत्रातील अमावास्येच्या आसपास, मी रात्री अकरा वाजता घरामागील उघड्या उतारावर जाऊन दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिले. क्षितिजाजवळ त्रिशंकू थोडा उजवीकडे कललेला होता आणि डावीकडे नरतुरंगाचे दोन ठळक तारे वर आले होते. त्या दोहोंतील त्रिशंकूकडच्या ताऱ्यापासून वर निघावे, वाटेत एक मध्यम तेजाचा तारा लागतो, आणि जवळजवळ तितकेच अंतर आणखी पुढे गेले की, एक पुसट, धुरकट ठिपका दिसतो. तोच ओमेगा सेंटॉरी. आमच्या अक्षांशावरून तो आकाशाच्या एकतृतीयांश उंचीपेक्षाही वर चढत नाही.

माझी आजी पायांचा आवाज न करता मागे येऊन उभी राहिली होती. “कितें पळयता गो इतलें?” तिने विचारले. मी बोट दाखविले. तिला तो दिसला नाही. आणि दिसला असता तरी तिला त्याचे कौतुक वाटले असते असे नाही. प्राचीन काळी टॉलेमीने त्याची नोंद एक तारा म्हणूनच केली. १६०३ साली बायर ह्यांनी त्याला ताऱ्यासारखेच ओमेगा हे अक्षर दिले. १६७७ साली हॅले ह्यांनी सेंट हेलेना बेटावरून पाहून तो साधा तारा नव्हे असे नोंदविले. पुढे १८३० नंतरच्या दशकात सर जॉन हर्शेल ह्यांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे, केप येथे, मोठ्या दुर्बिणीतून पाहिले तेव्हा त्याचे सुटे तारे दिसले आणि तो एक प्रचंड गोलाकार तारकागुच्छ असल्याचे स्पष्ट झाले. ह्या सर जॉन ह्यांना केप येथील मुक्कामातच, १८३७ साली, एक पुत्र झाला. जमखंडीला हेलियमची रेषा पाहूनही न ओळखणारे लेफ्टनंट जॉन हर्शेल ते हेच! पित्याने ज्या गुच्छातील तारे सुटे केले, त्यातील हेलियम मोजण्याची विद्या ज्या रेषांपासून सुरू झाली, त्या पुत्राने पाहिल्या.

ह्या गुच्छात सुमारे एक कोटी तारे आहेत. त्यांचा आज दिसणारा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस शेतीसुद्धा करीत नव्हता. एका गुच्छातील तारे एकाच ढगातून, एकाच वेळी जन्मलेली भावंडे असतात, असे पूर्वी मानीत. तेजाप्रमाणे व रंगाप्रमाणे त्यांची मांडणी केली की, तरुण ताऱ्यांची एकच रांग पडावयास हवी. परंतु २००४ साली हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून ओमेगा सेंटॉरीत दोन स्वतंत्र रांगा स्पष्ट झाल्या. त्यांतील निळसर रांगेचे तारे जड मूलद्रव्यांनी अधिक समृद्ध निघाले. जड द्रव्ये अधिक असली की तारा अधिक तांबूस दिसावयास हवा, येथे उलटेच. ह्याचा उलगडा एकाच तऱ्हेने होत होता : त्या ताऱ्यांत हेलियम फार जास्त असावा. आधीच्या पिढीतील ताऱ्यांनी शिजविलेला हेलियम पुढच्या पिढीच्या ढगात मिसळला असावा. पण ‘असावा’ म्हणजे ‘आहे’ नव्हे. निळसर रांगेतील तारे म्हातारे झाल्यावर तांबडे राक्षसी होतात. तेव्हा त्या तांबड्यांतही हेलियम जास्त सापडला, तरच ही साखळी पुरी व्हावयाची. आणि तेथे तर हेलियम मौन धरून बसलेला!

येथे आपल्या देशातील शास्त्रज्ञांचे काम सुरू होते. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील डॉ. बी. पी. हेमा व डॉ. गजेंद्र पांडे ह्यांनी तामिळनाडूतील जवादी डोंगरांत, कावलूर येथे, वेणू बाप्पू दुर्बिणीतून ह्या गुच्छातील तांबड्या ताऱ्यांचे वर्णपट घेतले. ह्या दुर्बिणीचा आरसा २.३४ मीटरांचा आहे आणि १९८६ पासून ती कार्य करीत आहे. हेलियम बोलत नाही, तर त्यांनी हेलियमला विचारलेच नाही. त्यांनी विचारले मॅग्नेशियमला.

हे मला समजावे म्हणून आमच्याच अंगणाचा उपयोग झाला. चवथीच्या दिवसांत आमच्याकडे बायका-मुली फुगड्या घालतात. समजा, अंगणात वीस मुलींनी परकर नेसले आहेत आणि त्या फुगडीला जोडीदारीण शोधीत आहेत. अंगणात गर्दी खेळकर बायकांची असेल तर वीसांतील पुष्कळ मुलींना जोडी मिळेल. पण त्याच गर्दीत, कुणाचाही हात न धरणाऱ्या, कडेला गप्प उभ्या राहणाऱ्या पाहुण्या अधिक असतील तर जोड्या कमी पडतील. आता मी ओसरीवर बसून परकर नेसलेल्या मुली मोजल्या, मग फुगडीच्या जोड्या मोजल्या, आणि जोड्या अपेक्षेहून कमी निघाल्या, तर एकही पाहुणी बोलली नसताना अंगणात गप्प पाहुण्या किती आहेत ह्याचा अंदाज मला करता येईल.

त्या मुली म्हणजे मॅग्नेशियमचे अणू. खेळकर बायका म्हणजे हायड्रोजन. मॅग्नेशियम व हायड्रोजन ह्यांचे अणू थंड ताऱ्याच्या वातावरणात एकमेकांचा हात धरून एक रेणू बनवितात; त्याचे नाव मॅग्नेशियम हायड्राइड. आणि कुणाचाच हात न धरणारा पाहुणा तो हेलियम. वर्णपटाच्या हिरव्या भागात सुट्या मॅग्नेशियमच्या तीन ठळक रेषा आहेत आणि त्यांच्याच शेजारी ह्या रेणूचा पट्टा आहे. एकाच मॅग्नेशियमच्या ह्या दोन साक्षी : एक सुट्या अणूंची, दुसरी जोड्यांची. प्रत्येक साक्षीवरून ताऱ्यात मॅग्नेशियम किती, हे स्वतंत्रपणे काढता येते. तारा एकच असल्यामुळे दोन्ही उत्तरे एकच यावयास हवीत.

बहुतेक ताऱ्यांत ती तशी आली. चार ताऱ्यांत आली नाहीत. सुट्या रेषा सांगत की मॅग्नेशियम भरपूर आहे. जोड्यांचा पट्टा म्हणे, फारच थोडे आहे. हा निष्कर्ष त्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. मग ह्या ताऱ्यांपैकी काहींचे अधिक बारीक वर्णपट दक्षिण आफ्रिकेतील सदरलंड येथील महादुर्बिणीतून घेण्यात आले. एक्याण्णव षट्कोनी तुकड्यांचा आरसा असलेल्या ह्या दुर्बिणीत, डॉ. जयंत नारळीकर ह्यांनी उभी केलेली पुण्याची आयुका ही संस्था भागीदार आहे. २०१८ सालच्या निबंधात आयुकाचे डॉ. श्रीआनंद ह्यांचेही नाव होते. ज्या भूमीवरून सर जॉन हर्शेल ह्यांनी तो गुच्छ न्याहाळला, तेथूनच, पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी, बंगळूर-पुण्याच्या माणसांनी त्यातील एकेक तारा तपासला. बारीक वर्णपटांतही विसंगती कायम राहिली.

आता दोन साक्षी जुळत नाहीत तेव्हा आपण काय करतो? एकीला खोटी ठरवितो. ह्या शास्त्रज्ञांनी तसे केले नाही. त्यांनी म्हटले, दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. खोटे आहे ते आपले गृहीत. प्रत्येक तारा तपासताना आपण धरून चालतो की, हायड्रोजनच्या १०० अणूंमागे हेलियमचे १० अणू असतात. हा आकडा कुणी मोजलेला नव्हता. तो धरलेला होता. मग त्यांनी तोच बदलून पाहिला. हेलियम वाढवीत न्यावा, गणित पुन्हा करावे, आणि ज्या प्रमाणात दोन्ही साक्षी एकच उत्तर देतील तेच त्या ताऱ्याचे खरे प्रमाण. १०० अणूंमागे एका ताऱ्यात १५ व दुसऱ्यात २० हेलियम अणू आले. दोन्हींत चारचा फरक इकडे-तिकडे धरावा. हे उत्तर २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यात हार्वर्डचे कुरुच आणि स्पेनमधील आयेंदे प्रिएतो ह्यांचाही सहभाग होता. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या दोन ताऱ्यांत मात्र नेहमीचेच १० निघाले. त्यामुळे पद्धतीवरही विश्वास बसला.

गणिताच्या विद्यार्थ्यांनी हे वजनात मांडून पाहावे. हेलियमचा अणू हायड्रोजनच्या चौपट जड. १०० हायड्रोजनांचे वजन १००, तर २० हेलियमांचे ८०. एकूण १८०, त्यात हेलियम शेकडा ४४ हून थोडा अधिक. १५ असतील तर शेकडा साडेसदतीस. नेहमीचे १० असतील तर शेकडा साडेअठ्ठावीस. निळसर रांगेसाठी जितका जादा हेलियम कल्पिला गेला होता, त्याच्याशी हे आकडे जुळले. साखळीतला हरवलेला दुवा सापडला, आणि तोही एका कधी न बोलणाऱ्या साक्षीदाराचा.

त्या रात्री उतारावर बसून मी हे सर्व मनात पुन्हा जुळवीत होते. आजी केव्हाच घरात गेली होती. रानात कुठे तरी पिंगळा ओरडत होता. आणि मला एकाएकी त्या मुलीचे प्रगतिपुस्तक आठवले.

तिच्याविषयीही माझ्यापाशी दोन साक्षी होत्या. एक साक्ष वर्गाची : हात वर होत नाही, तोंड उघडत नाही, विचारले तर मान खाली. दुसरी साक्ष वहीची : वर्गात चाळीस मुलांनी ऐकलेल्या गोष्टीतील एकमेव खरा प्रश्न तिने विचारला होता. दोन साक्षी जुळत नव्हत्या. मी काय केले होते? पहिली साक्ष खरी धरून शेरा लिहिला होता आणि दुसरी हाती आल्यावरही तो शेरा तसाच ठेवला होता. माझे गृहीत असे होते की, ज्याला समजते तो बोलतो. हे गृहीत मी कधी तपासले नव्हते. धरून चालले होते.

आणि हे मी करावे! मी स्वतः उळवीहून घाटमाथ्यावरच्या मराठी शाळेत गेले तेव्हा पाचवीत होते. पहिल्याच आठवड्यात मी ‘पाणी’ला ‘उदक’ म्हटले आणि वर्ग हसला. त्या शिक्षकांनी रागावून नव्हे, मायेनेच मला सुधारले. पण त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मी वर्गात बोलले नाही. मला उत्तरे येत होती. प्रत्येक उत्तर मी आधी मनात कोंकणीतून मराठीत आणीत असे, ते नीट बसले आहे की नाही हे पाहत असे, आणि तोवर दुसरे कुणी तरी बोलून गेलेले असे. माझ्या मौनाचे कारण कुणी विचारले नाही. मोठी झाल्यावर मी ते विसरले. इतकी विसरले की, तेच मौन दुसरीच्या ठिकाणी समोर येताच मी त्याला ‘दुर्लक्ष’ हे नाव दिले. जमखंडीच्या लेफ्टनंटसाहेबांना ढग तरी आडवे आले होते. मला काय आडवे आले होते?

जूनमध्ये शाळा उघडली. तो वर्ग दहावीत गेला होता. पहिल्याच आठवड्यात एक तास मागून घेऊन मी फळ्यावर फुगडीचे अंगण काढले आणि उधार प्रश्न फेडला. मुले हसली, मग गप्प झाली, मग एकाने विचारले, “बाई, मॅग्नेशियमच मुळात कमी असेल तर?” मी उत्तर देणार तोच शेवटच्या बाकावरून आवाज आला. मराठी आणि कोंकणी मिसळलेली ती भाषा होती : “ना, ना. तसे असते तर सुट्या मुली पण कमी दिसल्या असत्या न्हय?” कुणी हसले नाही. बहुधा उत्तर बरोबर असल्यामुळे हसण्याचे कुणाला सुचले नसावे.

तिच्या जुन्या प्रगतिपुस्तकातील शेरा मी खोडला नाही. लिहिलेले खोडून ते लिहिलेच नव्हते असे भासविणे मला पटले नाही. त्याखाली नवी तारीख घालून मी लिहिले : ‘वरील शेरा शिक्षिकेच्या चुकीमुळे लिहिला गेला. विद्यार्थिनी लक्षपूर्वक ऐकते व विचार करते.’ आणि खाली सही केली. तिच्या मामांनी ते वाचून मला विचारले, “बाई, असे कधी कुणी लिहिते का?” मी म्हटले, “शास्त्रज्ञ लिहितात. आकडा मांडतात आणि त्याच्यापुढे चूक किती असू शकते तेही मांडतात. शिक्षकांनी का लिहू नये?”

मित्रहो, चैत्राच्या अखेरीस, चंद्र नसलेल्या रात्री, जेवणे आटोपल्यावर दक्षिणेकडे उघडे आकाश मिळाले तर तो धुरकट ठिपका जरूर शोधा. पहिल्या दिवशी दिसणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसेल. तो दिसला म्हणजे तुमच्याही वर्गातील शेवटच्या बाकाची आठवण होऊ द्या.

ती मुलगी अजूनही फारसे बोलत नाही. परवा तिने वहीत नवा प्रश्न लिहिला आहे : ‘बाई, जो हेलियम आधीच्या ताऱ्यांनी केला, ते तारे आता कुठे आहेत?’ मी पुन्हा वाचावयास बसले आहे.